बारा, सव्वा

मागच्या डाव्या चाकातून टकटक येत होती.
पद्मावतीच्या चढावर उतरले, नटाला बोट लावलं,
तर नट हातातच आला,
आत स्टडचा तुटका शेंडा घेऊन,
शेंगेत दाणा राहतो तसा.

गाडी रिकामी होती.
रिकामी होती.
तासाभरापूर्वी तिच्यात अकरा पोरं होती,
अकरा डबे, आणि ती हॉकी स्टिक
जी मागे ठेव म्हणून ईशानला हज्जारदा सांगितलंय.

शकूर आतारनं व्हॅन जॅकवर घेतली.
पुढच्या चाकांना विटा लावल्या, शिवाय खाली एक स्टेपनी सरकवली.
या माणसाचा स्वतःच्या जॅकवरही विश्वास नाही.
ड्रम काढला, स्टड हातोडीनं मागे हाणला.
दोन ठोक्यांत गेला बिचारा.
"गनवाल्या पोरांनी आवळला ना?
घर्र करतात नि पैसे घेतात.
लोखंड ढिलं राहून मरतं, ताई,
तसं जास्त आवळूनही मरतं."

गन नव्हती, म्हटलं. मीच.
गेल्या महिन्यात पंक्चर झाली तेव्हा
पान्यावर उभी राहिले होते, दोन्ही पायांनी.
एकसष्ट किलो.
वर एक उडीपण मारली, पोरं आहेत म्हणून.

तो हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.

नाना पेठेत ललवाणींच्या काउंटरवर
तुटका तुकडा ठेवला.
त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं: बारा, सव्वा.
म्हणजे बाराची जाडी, सव्वाचा आटा.
"एक द्या."
"एक देतो की.
बाकीचे तीन याचं ओझं किती दिवस वाहत होते
ते विचारलंत का त्यांना?"
इथे दुकानदार पैसे घेण्याआधी
गिऱ्हाइकाची लाज काढून ठेवतात, सुट्ट्यासारखी.
चार स्टड घेतले. नटही चार.

नवा स्टड मागून घातला,
पुढून वॉशरची चळत, त्यावर नट उलटा,
आणि शकूर हळूहळू ओढत राहिला,
विहिरीतून भरली घागर ओढावी तसा,
मुंडकं मागे टेकेपर्यंत.
टेकलं की मनगटाला कळतं म्हणाला.
तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचं काम माझ्याकडे.

मग मी खोबरेलाची बाटली पुढे केली.
गाडीतच असते, पोरींच्या वेण्यांसाठी.
"आट्याला तेल नाही!" केवढ्यांदा ओरडला.
"कोरडंच. तेल लावलं की पाना खोटं बोलतो."

आधी चारही बोटांनी फिरवायचे.
मग समोरासमोरचे आवळायचे,
पंगतीत वाढतात तसं ओळीनं नाही.
चाक जमिनीला लागल्यावर शेवटचं,
मोजून, पंच्याऐंशीवर.
पाना "कट्" म्हणतो, तिथे हात थांबवायचा.
थांबवायचा, ताई. पाय तर लावायचाच नाही.
आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा बघायचं,
नवीन काहीही एका दिवसात बसत नाही.

त्यानं त्याचा पाना दिला, टॉवेलात गुंडाळून,
तान्हं बाळ देतात तसा,
दोन्ही हात पुढे केल्याशिवाय सोडला नाही.

गुरुवारी पावणेसहा. धनकवडी.
खांबावरचा दिवा अजून चालू.
मी चाकाशी उकिडवी,
आणि पायरीवर तन्विका, अर्धी झोपेत,
एका पायात मोजा, दुसरा हातात.
कट्.
समोरचा. कट्.
"मावशी, गाडी बोटं मोडतेय?"
कुणाच्या नावानं, विचारलं मी.
"तशी नाही. आई मोडते ना,
दृष्ट काढली की, कानशिलावर ठेवून, तशी."

तिसरा, कट्.
चौथा मात्र फिरला,
ज्वारीच्या दाण्याएवढा असेल,
मग त्यानंही मोडलं.

हो म्हटलं, तशीच.
मोजा घाल. आणि बघ जरा,
ती हॉकी स्टिक परत पुढच्या सीटखाली आहे का.