उलटा भ

तान्ह्या पोळ्याला दहा दिवस होते.
चौथीच्या वर्गाला मी म्हणाले, यंदा कार्डं आपण करू,
घाटंजीच्या दुकानातली चकचकीत नकोत.
रद्दीतून किलोभर लग्नपत्रिका आणल्या,
त्यांच्या कोऱ्या पाठी कापून ठेवल्या.
कुणाकुणाच्या शुभविवाहाच्या उलट बाजूला
आता बैल उभा राहणार होता.

पण शिक्का कशाचा?
पंचफुलाबाईनं खिचडीवर झाकण ठेवलं,
पायातली झिजकी स्लिपर काढली, टाच दाबून पाहिली.
"ह्या रबरातून बैल निंगते, बाई."
निघाला.
बोटाला चिंधी, हातात अर्धं ब्लेड,
आधी वशिंड, मग शिंगं,
शेपटीपुरतं रबर उरलं नाही तेव्हा म्हणाली,
"शेपूट पल्याडच्या अंगाले हाय त्याची."

निळी शाई कपड्यांच्या निळीची.
केशरी पळसाची, फागुनात वेचून वाळवलेली फुलं
रात्रभर भिजवून, वर चिमूटभर तुरटी.
हिरवीला मात्र साहेबांशिवाय कुणी शिवत नाही.
सरांनी बाटली काढली, टोपणभर ओतली,
दारापर्यंत गेले,
परत येऊन अजून टोपणभर ओतली.
जांभळी शाळेचीच, मस्टरशेजारच्या पॅडची.
तिची पंचफुलाबाईशी जुनी ओळख,
मानधनाच्या दिवशी अंगठ्याला भेटायची.
बामच्या रिकाम्या डब्यांत सरकी काढलेला कापूस,
वर धोतराचा तुकडा ताणून बांधलेला.
झाले पॅड.

मग अक्षरं.
फळ्यावर मी लिहिलं, शुभेच्छा,
आणि समजावत बसले,
की काना आधी येईल, श सगळ्यात शेवटी,
मात्रा दुसऱ्या बाजूला झुकेल.
माझ्याच वहीत मी दोनदा चुकले.
ती कागद खिडकीच्या उजेडाला धरून
मागच्या बाजूनं पाहत होती.
"मले वाचता कुठं येते?
तुमचं सुलटं अन् उलटं, मले दोन्ही रांगोळीच."
पहिलाच छाप पडला,
एकही वेलांटी, एकही गाठ न चुकता.
च्छ तर माझ्यापेक्षा देखणा.
जंगू मडावीनं पत्ता लिहिला,
मामाचा लाल्या बैल, मुक्काम पोस्ट कुर्ली.
पोस्टमन हसला नाही. पिनकोड विचारला.

त्या हिवाळ्यात समाजमंदिरात रात्रीचा वर्ग सुरू झाला.
पंचफुलाबाई जायची, पदराखाली पाटी घेऊन,
कुणी विचारलं तर म्हणायची, विरजण आणाले चालली.
उन्हाळ्यापर्यंत एसटीची पाटी वाचू लागली,
मिठाच्या पुड्या वाचू लागली,
खिचडीच्या पोत्यावरचं "विक्रीसाठी नाही"
मोठ्यानं वाचून पोरांना दाखवायची.

पुन्हा तान्हा पोळा आला. नवी स्लिपर, नवं ब्लेड.
शुभेच्छा कोरायला बसली अन् भ पाशी थांबली.
पुसलं, कोरलं, पुन्हा थांबली.
छाप उठला तेव्हा सगळी अक्षरं शहाणी,
एकटा भ पाठ फिरवून बसलेला.
"आता डोया वाचते ना बाई," ती म्हणाली,
"तं हात आयकत नाई."
मी म्हणाले, दुसरी टाच घेऊ.
तिनं मान हलवली. बत्तीस कार्डं तशीच गेली.
कुर्लीहून निरोप आला,
की मामांनी कार्ड आरशासमोर धरलं,
तर बाकी सगळं बिघडलं अन् भ तेवढा नीट झाला.

मस्टरवर ती आता सही करते.
पेन घट्ट धरून, पंच एका ओळीत, फुला खाली घसरलेलं.
पण कार्डाच्या कोपऱ्यात फूल हवं असलं
की जांभळ्या पॅडवर अंगठा दाबते,
एकेक करून पाच पाकळ्या,
मधे पिवळा ठिपका हळदीचा.
शाई दोन दिवस निघत नाही.
परवा जंगूच्या भाकरीवर उमटली होती ती.
त्यानं ती बाजू शेवटी खाल्ली.