शेवटच्या पानावर पेन्सिल

मंगळवारी आमची गाडी होमार्शच्या चर्चपाशी वीस मिनिटं थांबायची.
चाकांवरचं वाचनालय. बाराशे पुस्तकं, रॉकेलचा स्टोव्ह
आणि मी, डेस्मंड पिंचबेक.
ड्रायव्हर मीच, ग्रंथपाल मीच,
बायकांच्या बुटांचा चिखल पुसणाराही मीच.
चहूकडे कोबीची शेतं, समुद्राहून सखल,
वर आभाळ एवढं की माणसं मान खाली घालूनच चालायची.

मागणी सगळी गुलाबी पाठीच्या कादंबऱ्यांना.
सेलिना मॉन्टक्लेअर. एक्याण्णव पुस्तकं.
मलपृष्ठावर गळ्यात मोती, मांडीवर मांजर,
‘वास्तव्य लंडन आणि रिव्हिएरा’.
वास्तव्य पंपघराच्या मागे, तिसऱ्या दारात.
नाव इनिड थ्रसेल. नवरा कबुतरं पाळायचा.
मोती आणि मांजर, दोन्ही फोटोवाल्याची.

अठरा वर्षं ती वाटाण्याच्या कारखान्यात होती,
पट्ट्यावरून धावणाऱ्या दाण्यांतले किडके वेचत.
पहिली कादंबरी लिहिली डब्यांच्या लेबलांच्या पाठीवर,
रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत.
तिची नायिका पॅरिसमध्ये हातमोजे काढते
त्या ओळीच्या मागे छापलंय: मीठ घातलेले, चारशे ग्रॅम.

लंडनहून नियमांचं पत्र आलं, ते तिनं मला दाखवलं.
नायकाचे डोळे करडे.
चुंबन एकशे अठराव्या पानाच्या आत.
संप नको, कवळी नको.
आजारपण चालेल, पण चेहरा उतरता कामा नये.
शेवटी लग्न, किंवा निदान वचन.
साठा उत्तरांची कहाणी
एकशे अठ्ठ्याऐंशी पानांत सुफळ संपूर्ण.
“पैसे बरे देतात?” मी विचारलं.
“छप्पर झालं,” ती म्हणाली. “कबुतरांचं.”

वाचून झालं की बायका आत बारीकशी खूण करायच्या,
तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून.
मिसेस गॉटोबेड, सतराव्या पानावर त्रिकोण.
ॲडा स्केल्स, पान चाळीस, एक इवलासा मासा.
इनिड गाडीत येऊन या खुणा मोजायची.
प्रकाशकाच्या आकड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.
“नव्यात मासा नाही,” एकदा म्हणाली.
“ॲडा गेली. नाताळच्या आधी.”
पुस्तक मिटून ती तशीच उभी राहिली,
मागे रांग खोळंबली तरी.

त्या वसंतात परत आलेल्या एका पुस्तकात
‘नॉर्मा डॉक्टरांच्या मिठीत विरघळली’
या ओळीवर बारीक रेघ.
खाली पेन्सिलीनं:
नॉर्माला साडेसहाची बस गाठायची होती. तिनं ती गाठली.
अक्षर माझ्या ओळखीचं. कार्डावरची सही तीच,
‘टी’वरची आडवी रेघ वाऱ्यानं उडवल्यासारखी.

मग सवयच लागली मला, शेवटचं पान आधी उघडायची.
एका ड्यूकला कवळी बसली.
गिरणीमालकाचा करड्या डोळ्यांचा मुलगा
संपवाल्यांत जाऊन बसला, बापाच्या फाटकासमोर.
एका विधवेचं तिनं काहीच केलं नाही,
नायकाला पायरीवरूनच परत पाठवलं
आणि तिला दार उघडं ठेवून चहा पिऊ दिला.

नियमाप्रमाणे पुस्तक खराब केलं तर पूर्ण किंमत वसूल.
निदान खोडरबर फिरवायचा.
होता माझ्याकडे, ड्रॉवरमध्ये.
नाल्यात टाकला असं मी म्हणणार नाही,
सापडेना, एवढंच.

लंडनला ती पाठवत राहिली लग्नंच, दर तिमाहीला एक.
गावातून तक्रार एकही नाही.
फक्त विधवेच्या त्या चहाखाली
कुणाच्या तरी कापऱ्या अक्षरात:
साखर किती?
आणि दोन मंगळवारांनी त्याखाली:
दोन. कुणी आलंच तर तीन.