काकवीतला सिलिंडर

एक डबा काकवी, नऊ डबे पाणी,
आणि त्या पिंपात बुडवलेला
बापाच्या होडीचा सिलिंडर.
हेवर्ड म्हणाला, तीन आठवडे. मध्ये डोकावू नकोस.
मी रोज डोकावते.

तिसऱ्या दिवशी फेस आला,
दहाव्या दिवशी वास.
ड्रुसिला आत्या नाक मुरडून म्हणाली,
"पावात घालायची ती लोखंडाला?
आम्हाला चहातसुद्धा मोजून मिळायची."
तरी रविवारी तिनंच अर्धा डबा आणून ठेवला,
न बोलता, पायरीवर.

न्यूफाउंडलंडात कॉड धरायला बंदी आली त्या उन्हाळ्यात
बापानं इंजिन शेडमध्ये ढकललं.
वर ताडपत्री, ताडपत्रीवर जाळी,
जाळ्यांवर तीस हिवाळे.
समुद्र पन्नास पावलांवर.
मीठ काय, चालत आलं असेल.

बाविसाव्या दिवशी बाह्या सारून हात घातला.
साय निघावी तसा गंज निघाला,
बोटांत काळा चिखल,
खाली करडं, थंडगार लोखंड.
तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, शेवटी नखं.
पाण्याच्या भोकातून वाळू आली, एक शिंपला आला.
आणि मग एका कडेला
वीतभर पिवळी रेघ.
पितळ.

कधीतरी आतलं पाणी गोठून तो तडकला होता
आणि कुणीतरी ती भेग भरली होती,
मुंग्यांच्या रांगेसारखी, थेंबाला थेंब लावून.
हेवर्डनं चष्मा कपाळावर नेला.
"हा गार्लंडचा हात," म्हणाला.

गार्लंड. पलीकडच्या धक्क्याचा.
जाळं टाकायच्या जागेवरून ज्याच्याशी बाप
मरेपर्यंत बोलला नाही.
ज्याचं नाव निघालं की आमच्या घरी
नुसते चमचे वाजत.

कधी नेला असेल? रात्री?
ढकलगाडीवर, गोणपाटाखाली?
दारात उभा राहून काय म्हणाला असेल?
की काहीच नाही,
फक्त ठेवून आला असेल, पायरीवर?

"बघत काय बसलीस," हेवर्ड ओरडला, "तेल!"
धुतलेलं लोखंड चहा निवायच्या आत
पुन्हा नारिंगी होतं.
मी फडकं बुडवलं, भराभर पुसत गेले,
रेघेपाशी मात्र जरा सावकाश.

पिस्टन अजून बाकी, काकवी संपलेली.
पलीकडच्या धक्क्यावर गार्लंडच्या मुलीचा दिवा आहे.
रिकामा डबा हातात घेतलाय.
बूट शोधते आहे.