दोनशे मीटर

शुक्रवारी पहाटे पाचला दोन टाकीच्या फुटपाथवर
चादरी पसरतात. बिनजोडीचे बूट, पितळी नळ,
कुणाची तरी कवळी,
आणि पाणबुड्यांची घड्याळं, साठ-सत्तर सालची,
निदान तसं म्हणणारी.

मी बॅटरी दातांत धरतो, भिंग डोळ्याला.
आधी कडा बघायच्या. घासून घासून
वापरलेल्या साबणासारख्या झाल्या असतील तर खाली ठेवायचं.
मग ठिपके. जुनं रेडियम मेलेलं असतं,
कितीही उजेड पाजा, उठत नाही.
हे झटकन हिरवं उजळलं, म्हणजे परवाचं;
वरचा पिवळेपणा चहाचा.
चादरवाला म्हणतो, बोटीवरून आलंय साहेब.
सगळीच बोटीवरून येतात.

पण मी खरा थांबतो तो अक्षरांपाशी.
चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी.
राजपत्रं, निविदा, मयत कर्मचाऱ्यांच्या वारसांच्या याद्या.
अर्थ वाचायचा नसतो त्या कामात.
अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते.

म्हणून मला तो सापडला.
मुंबईत डायली रंगवणारे असतील पंधरा-वीस,
त्यातला एकच जण
स्विसमधले तिन्ही एस विळ्यासारखे काढायचा,
आणि दोनशेतली दोन शून्यं
एकमेकांकडे किंचित झुकलेली,
कानात काही सांगत असल्यासारखी.

अकरा वर्षं मी त्याला चादरींवर पकडत राहिलो.
लोक घरी दाखवायला आणत. ग्रँट रोडचे डॉक्टर कांगा,
गोदीतल्या कंपनीतला एक तरुण,
बायकोला न सांगता पाऊण लाख घालून बसलेला.
मी म्हणायचो, नकली.
म्हणताना घड्याळाकडेच बघायचो.

मग दोन पावसाळे त्याचं एकही नवं आलं नाही.
येत होती ती मशीनवर छापलेली.
एस बिनचूक, शून्यं ताठ.
माझं भिंग त्यांच्यावरून घसरायचं.
विचारत विचारत गेलो.

हसनमिया परकार, मूळचे दाभोळचे.
डोंगरीत तिसरा मजला, खिडकीशी पाट,
पेल्यात उभे ब्रश, एकेकाला तीन केस.
बोटं पानासारखी हलत होती, वारा नसताना.
मी खिशातलं घड्याळ पुढे केलं,
पूर्ण भाव देऊन घेतलेलं, त्यांच्या हातचं.
भिंग न लावता म्हणाले,
"आमचंच. थोरलीच्या लग्नाच्या साली केलेलं."

विचारलं, एस असा का काढता?
"असा म्हणजे कसा?"

इंग्रजी येत नव्हतं त्यांना. एकही अक्षर नाही.
उस्तादाने एक चित्र दिलं होतं,
तेच काढत आले चाळीस वर्षं,
कुणी बांगडा काढावा तसं.
म्हणजे आम्ही दोघंही न वाचताच बघत होतो
ते एवढंसं गोल पान.

नख ठेवून त्यांनी विचारलं, इथे काय लिहिलंय?
दोनशे मीटर, म्हटलं. इतकं खोल नेलं तरी चालतं.
"घड्याळ?"
हो.
"आणि माणूस?"

मला पोहता येत नाही. तसं सांगितलं.
ते हसले. म्हणाले, मलाही.
खाडीने घरातले दोघे नेले,
आईने घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही कधी.

मग ब्रश काढून ठेवले,
पेला माझ्यापुढे सरकवला,
आणि मी नको म्हणायच्या आत
घड्याळ पाण्यात सोडलं.
चार बोटं पाणी असेल, रंगाने थोडं निळसर.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
चावीपाशी एक बुडबुडा धरला,
सुटला.
काटा चालूच होता.
दुसरा धरायला लागला.