आतल्या बाजूची

आमच्यातला नियम असा:
दोघांत एक स्टँड, दोघांत एक वही,
आणि आत बसेल त्यानं पान उलटायचं.
बाहेरच्यानं वाजवत राहायचं.
बाहेरचा मी.

स्काइद्रीते वीतोला आली तेव्हा बावीसची होती.
हनुवटीखाली व्हायोलिनचा तांबूस वण,
कोटाच्या खिशात उकडलेलं अंडं
आणि मिठाची पुडी.
बाप लिएपायाच्या तारेच्या कारखान्यात, कानांनी पार गेलेला.
ती वाजवताना लाकडाला तळवा लावून बसायचा
आणि म्हणायचा, आज थरथर नीट बसली बरं का.
एवढीच तिला मिळालेली शाबासकी.

सेकंड व्हायोलिन. शेवटची रांग. पाठीशी भिंत,
भिंतीपलीकडे बंदराचा वारा.
आमची ओळ कुणाला ऐकू येत नाही,
वाजवणाऱ्यालाही जेमतेम.
भिंत रंगवताना आधी खाली जो चुना देतात,
तो आम्ही.

पान संपत आलं की तिचा गज थांबायचा,
हात माझ्या डोळ्यांसमोरून जायचा,
राळेचा वास, कागदाची सळसळ,
आणि ती पुन्हा सुरात.
मध्ये दोन मात्रा जायच्या, कधी चार.
एकोणीस वर्षं.
मी हिशेब केला नाही. हिशेब करण्यासारखं काही आहे
हेच मला ठाऊक नव्हतं.

मग कुल्डीगाच्या दौऱ्यात, फेब्रुवारीत,
सभागृहाची शेगडी बंद, लोक ओव्हरकोटात,
तिनं पान उलटलंच नाही.
वाजवत राहिली. पानाच्या शेवटापर्यंत, कडेपर्यंत,
आणि कडेवर थांबली.
मीही थांबलो, पुढचं पाठ कुणाला होतं?
बाकीचा ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेला,
आम्ही दोघं फलाटावर राहिल्यासारखे.

दंड दोघांना झाला. बसमध्ये मी घुश्शात.
ती खिडकीकडे बघत म्हणाली,
एवढंच होतं होय तिथे?
मी म्हटलं, कुठे?
पानांच्या शेवटी, म्हणाली.
मी तर इतकी वर्षं
वेगळंच ऐकत आले.

वसंतात तिनं नोकरी सोडली.
लोक म्हणाले, बोटं गेली असतील. कुणी म्हणालं, डोकं.
ती शाळांचे पियानो लावत हिंडायची,
रात्री मासळीच्या हिशेबाच्या जुन्या वह्यांत
आडव्या रेघा ओढून लिहायची.
रीगाच्या समितीनं पहिली रचना परत धाडली,
शेरा असा: सुरुवातच नाही.
ती खरंच नव्हती.
दुसरीवर शेराही आला नाही.
सहावी की सातवी, ती आमच्याकडे आली,
तोवर माझे गुडघे गेले होते
आणि आतल्या खुर्चीवर एक पोरगा होता, रैनिस,
नखं खाणारा.

तालमीत पहिलं पान संपत आलं.
पोरानं सवयीनं गज खाली घेतला,
आणि माझ्याही ओळीत पुढे काही नव्हतं.
दोन मात्रा कोऱ्या. त्याला आणि मला.
पुढच्या पानालाही तसंच. पुढच्यालाही.
साठ माणसं, आणि फक्त कागद वाजतोय.

वर्तमानपत्रात आलं,
बाल्टिक हिवाळ्याचं अथांग मौन.
मी फोनवर वाचून दाखवलं तर ती ठसका लागेतो हसली.
मौन कसलं, म्हणाली,
पान उलटायला वेळ ठेवलाय.

आता मी निवृत्त आहे.
गुरुवारी ऑर्केस्ट्राच्या ग्रंथालयात जातो,
बाई ओळखीची आहे, चहा देते.
परवा आमच्या स्टँडच्या जुन्या वह्या मागून घेतल्या.
पानांचे खालचे कोपरे काळेभोर,
अंगठ्यानं झिजून कापडासारखे मऊ.
उजवे कोपरे. माझ्या बाजूचे.
पेन्सिलीनं तिथे बारीक काहीतरी लिहिलेलं,
दोन-दोन, चार-चार मात्रांचं,
छापलेल्यापेक्षा वेगळं.

एकोणीस वर्षं ते माझ्या नाकासमोर होतं.
मी वाजवत होतो.