पन्हा

चारशे चाळीस धागे होते तेव्हा
आई एकटीच मावली मागावर.
तिच्या खांद्यावर एक हात राहिला,
मनगटापाशी किनार.
पारोळ्यात जो येई तो विचारी, हात कुणाचा?
आई म्हणे, धागे संपले.

आता दुसरा संच आलाय.
गफूर मिस्त्रीने कोनाडा फोडून जागा केली,
हवेच्या पंपाला नवी नळी बसवली,
आणि मी सोळा दिवस
धाग्याला धागा सांधत बसले,
बोटांना खळ, मानेला बाम.

आठशे ऐंशी.
प्रत्येकाला आपला हुकूम:
तू वर. तू थांब.
संगणक सांगतो, पाय मी मारते,
धोटा मात्र अजून हातानेच फेकायचा.

चित्र खालून वर येतं.
आधी फरशी, मग पावलं:
दोन आईची, अनवाणी,
दोन तिची, चपलांत.
डावीचा अंगठा सुतळीने बांधलेला.
इवल्या फोटोत हे कधी दिसलंच नव्हतं.

आई पिठाच्या हातांनीच आली.
वाकली.
"त्या मन्या चपला शेतस."
फोटोवाल्यासमोर ती अनवाणी कशी उभी राहणार,
म्हणून दिल्या. परत मागितल्या नाहीत.
पुढचं बोलली नाही. तव्यावर भाकरी करपली.

गुडघ्यांपर्यंत विणलं आणि लाइट गेली.
पंप थांबला,
वर उचललेले सगळे धागे
एकदम खाली बसले.

मोबाइलच्या उजेडात चरखा फिरू लागला.
आई कांड्या भरत होती.
मी करडा दोरा पुढे केला,
तिने तो बाजूला सारला.
"काया दे," म्हणाली,
"तिना केस काया व्हतात."