चारानं भाग

इथे शनिवारी पुरतात,
म्हणून शुक्रवारी रात्री कोंडेलेच्या नाक्यावर
अपोंडीचं छपाईचं दुकान उघडं.
किसुमूत एवढ्या उशिरा आणखी फक्त तळलेली मासळी मिळते.
तीन संगणक. त्यातला एक नुसताच तापतो.

अपोंडी बसत नाही.
नव्या पोराच्या खुर्चीमागे उभी राहते
आणि पडद्याला बोट न लावता दाखवते.

ओलुओच, स्पेसबार म्हणजे वल्हं नव्हे.
चाळीस वेळा मारून नाव मधोमध आणलंस,
उद्या कुणी फॉन्ट बदलला की म्हातारा
निघाला वाहत पानाच्या काठाला.
मेल्यावर तरी माणसाला एका जागी राहू दे.
मधोमध करायचं बटण आहे, ते दाब.

एंटर ठोकत ठोकत पुढच्या पानावर जाऊ नकोस.
पान तोडायचं तर सरळ तोड.
आणि समास आतल्या बाजूला जास्त सोड,
तिथे पिन बसते.
गेल्या महिन्यात एका शिक्षिकेचं जन्मसाल
पिनेखाली गेलं,
बिनवयाची पुरली तिला.

मागच्या मयताच्या फाइलवर नवं नाव चढवतात सगळे.
मीही चढवते, खोटं कशाला बोलू.
पण 'सगळे बदला' दाबण्याआधी श्वास घे.
एकदा जुना मयत होता वेरे, नवा ओबोन्यो.
इंग्रजीतलं 'होते' आणि वेरे, स्पेलिंग एकच.
दाबलं मी. चहा प्यायला गेले.
दुसऱ्या दिवशी पाळक वाचू लागले माइकवर:
'त्यांची मुलं फार लाडकी ओबोन्यो.
आम्ही सगळे त्या वेळी तिथे ओबोन्यो.'
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं.
सोमवारी त्याची बायको आली,
मी पैसे परत द्यायला गल्ला उघडला,
तर तिला आणखी वीस प्रती हव्या होत्या.
तशाच, म्हणाली. दुरुस्त करू नका.

(वीज गेली. आली.
सेव्ह केलं होतंस?
ओलुओच मान हलवतो, कुठल्या दिशेनं ते कळत नाही.
पाचव्या पानापासून पुन्हा.)

आजचा म्हातारा बोटी बांधायचा. दोन घरं.
थोरल्या घरचा मुलगा सांगून गेलाय:
आमची नावं बारात, ठळक.
धाकटीच्या पोरांची आठात, खाली, मावली तर.

ओलुओच आठ टाकतो.
अपोंडी काही बोलत नाही,
पोराच्या हातावरून माउस काढून घेते.
सगळी नावं निवडते, अकराच्या अकरा,
एकच स्टाइल लावते: बारा, साधं, डावीकडून.
दोन रकाने, रुंदी सारखी, मिलिमीटरपर्यंत.
सर्वांत धाकटी, न्याबोके, वय चार,
आता वडिलांच्या नावाच्या दोन ओळी खाली आहे
आणि स्पष्ट वाचता येते.

पण पानं झाली सतरा.
पुस्तिका घडी घालून होते, बाळा,
चाराच्या पटीतच. सोळा, नाही तर वीस.
वीसचे पैसे कोण देणार?

दोघं वरपासून खाली जातात.
प्रार्थना काढता येत नाही.
होडीचा फोटो, नाही.
जेवणाची वेळ, मुळीच नाही.
नवव्या पानावर आमदारसाहेब, पानभर,
हात जोडलेले, शोकसंदेश चार ओळींचा.
त्यांनी म्हाताऱ्याचं नावही चुकवलंय.

डिलीट.
सोळा.

पहाटे मुलगा येतो, बोडाबोडा बाहेर चालूच ठेवून.
ओल्या शाईची पानं उलटतो,
नावांच्या पानावर बराच वेळ थांबतो,
अंगठा आठाच्या जागी फिरतो, जिथे आठ नाही.
मग पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

आमदार कुठे आहेत?

अपोंडी गठ्ठ्याला दोरी बांधते, गाठ घट्ट करते.
चारानं भाग जात नव्हता, म्हणते.